गिटमधला मर्ज कॉन्फ्लिक्ट नव्या मुलांना सोडवता येईल असं हेल्प पान कसं लिहावं?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या मिहानमधल्या तुमच्या टीमच्या पानावर ‘फाइल उघडा, योग्य भाग ठेवा, कमिट करा’ एवढंच आहे, तरी मुलं विचारायला येतात. येणारच. गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून (कमिट करून) ठेवणारं साधन. दोन शाखा एकत्र (मर्ज) करताना एकच जागा दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली निघाली, की काय ठेवायचं ते गिटला ठरवता येत नाही; तोच कॉन्फ्लिक्ट. योग्य भाग कोणता, तिथेच तर गाडी अडते.

सोडवायच्या पायऱ्यांआधी ही सेटिंग द्या, म्हणजे दोन्ही बाजूंसोबत बदलाआधीची मूळ ओळही दिसते: गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल डिफ3. त्याखाली नमुना, थांबा आणि भाडं असलेल्या एका ओळीचा (‘हेड’ म्हणजे तुम्ही आत्ता ज्या शाखेवर आहात ती, ‘नवा-मार्ग’ म्हणजे तिच्यात मिसळायची शाखा):

<<<<<<< हेड
सीताबर्डी, 25
||||||| मूळ
सीताबर्डी, 20
=======
झिरो माईल, 20
>>>>>>> नवा-मार्ग

मधली ओळ वाचली की उलगडा होतो: एकाने भाडं 20 चं 25 केलं, दुसऱ्याने थांबा बदलला. उत्तर ‘झिरो माईल, 25’, आणि ते दोन्हीपैकी एकाही बाजूला नाही! ही सेटिंग नसेल तर मूळ ओळ दिसतच नाही. मग एडिटरमधलं ‘अ‍ॅक्सेप्ट करंट’ दाबून मोकळं व्हायचं, आणि थांब्याचा बदल गुपचूप गायब. (गिट 2.35 किंवा पुढचं असेल तर झेडडिफ3 घ्या. दोन्हीकडच्या सारख्या सुरुवातीच्या-शेवटच्या ओळी तो चिन्हांबाहेर काढतो.)

कॉन्फ्लिक्टच्या दोन बाजूंना गिट ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ म्हणतं. हे शब्द ‘माझं’ आणि ‘त्यांचं’ असे समजावू नका. मर्जमध्ये ते जुळतं, रीबेसमध्ये (तुमचे कमिट दुसऱ्या शाखेच्या टोकावर नव्याने रचण्यात) उलटं होतं. रीबेस आधी मुख्य शाखेवर जाऊन उभा राहतो आणि तिथून तुमचे कमिट एकेक करून वर रचतो. म्हणून तिथे ‘अवर्स’ म्हणजे मुख्य शाखा आणि ‘देअर्स’ म्हणजे तुमचंच काम. हे पानावर ठळक अक्षरांत हवं, कारण इथे चुकलं की स्वतःचंच काम उडतं.

गिट अ‍ॅड केलं (फाइल पुढच्या कमिटसाठी तयार म्हणून नोंदवली) की गिट त्या फाइलचा कॉन्फ्लिक्ट सुटला असं मानतं, आत चिन्हं राहिली आहेत का ते बघत नाही. म्हणून कमिटआधी गिट डिफ --कॅश्ड --चेक चालवायला सांगा; उरलेली चिन्हं ओळ क्रमांकासह सापडतात.

मर्ज अर्धवट सोडून आधीच्या स्थितीला जायचा परतीचा रस्ता मात्र पानाच्या अगदी वर: गिट मर्ज --अबॉर्ट, रीबेस असेल तर गिट रीबेस --अबॉर्ट. सोबत ही ताकीदही: मर्जआधीचे कमिट न केलेले बदल अबॉर्टने परत मिळतीलच असं नाही.

एका बाजूने फाइल बदलली, दुसऱ्याने उडवली, तर चिन्हं येतच नाहीत. गिट स्टेटसमध्ये ‘डिलीटेड बाय देम’ किंवा ‘बाय अस’ दिसतं. ठेवायची तर गिट अ‍ॅड, काढायची तर गिट आरएम.