वाचक विचारतात : परग्रहवासीयांना माणसांची वसाहत कशाला हवी असेल?

प्रश्न : सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्यासाठी कोण कुठवर जाईल हे आम्हाला सांगायला नको. परग्रहवासी पृथ्वीवर पाणी, सोनं किंवा फुकटचे मजूर मिळवायला येतील का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पाण्यासाठी तर नाहीच. पृथ्वीवरून निसटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. एक लिटर पाण्याला तो वेग द्यायचा तर, इंजिनात वाया जाणारी ऊर्जा सोडूनही, सुमारे १७ युनिट वीज खर्च होईल. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीला १७ हजार युनिट! सेरेस या बटुग्रहावर भरपूर बर्फ आहे आणि तिथून निसटायचा वेग जेमतेम सेकंदाला ०.५१ किलोमीटर. तिथून तीच टाकी ३६ युनिटांत सुटते. इतकी खोल विहीर उपसायला कोण येईल? सोन्याचंही तेच. पृथ्वीवरचं बहुतेक सोनं लोखंडाबरोबर गाभ्यात गेलेलं आहे, लघुग्रहांवर खणायला सोपं पडतं.

मजुरीचा हिशेब मात्र यंत्रमागाच्या गावात नीट समजेल. धडधाकट माणूस दिवसभर सुमारे ७५ वॅटने राबू शकतो. आठ तासांचे झाले ०.६ युनिट. एक हॉर्सपॉवरची मोटर तेवढं काम पन्नास मिनिटांत उरकते. उलट माणसाला रोज २,४०० किलोकॅलरी, म्हणजे २.८ युनिटांचं अन्न लागतं. शिवाय झोप, आजारपण आणि संप. ज्यांना तारे ओलांडता येतात त्यांच्याकडे मोटरी असणारच.

प्रश्न : इंग्रजही लांबूनच आले होते. तरी त्यांना परवडलं ना? वाहतुकीचा खर्च कसा काढायचा?
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : इंग्रजांच्या जहाजांना वारा फुकट मिळत होता आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून यायला सहाएक महिने लागायचे. १७६५ साली बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, हाती आल्यावर तर कंपनी इथल्याच महसुलातून इथला माल विकत घेऊ लागली. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा हुकूम तारेने येत होते. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. तिथून सुटलेला हुकूमही चार वर्षांनी पोहोचेल. सुभेदार फितूर झाला हे मालकाला कळून त्यावर उत्तर येईपर्यंत साडेआठ वर्षं उलटतील.

आता खर्च. वजन किलोत आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, वेगाचा वर्ग करा, वजनाने गुणा, निम्मा करा. आलेल्या जूलना ३६ लाखांनी भागलं की युनिट मिळतात. प्रकाशाच्या एक दशांश वेगाला १ किलोमागे १२.५ कोटी युनिट लागतात. सोलापूरच्या १,३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राने पूर्ण क्षमतेने चार दिवस वीज केली तर तेवढी होते. हजार टनांच्या यानाला तेच केंद्र दहा हजारांहून जास्त वर्षं चालवावं लागेल.

बरं, हे झालं फक्त सुटायचं. थांबण्याचं इंधन सुरुवातीपासून सोबत वाहावं लागतं, आणि नेमकं तिथेच गणित फिसकटतं. सेकंदाला १० हजार किलोमीटर वेगाने वायू मागे फेकणारं, आपल्याला अजून स्वप्नवत असलेलं इंजिन धरलं तरी मालाच्या १ किलोमागे सुमारे ४०० किलो इंधन लागतं. वाटेत एक मिलिग्रॅमचा कण आदळला तर शंभरेक किलो टीएनटी या स्फोटकाएवढा स्फोट. म्हणून यानापुढे ढाल हवी, आणि ढालीला पुन्हा वजन. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

प्रश्न : मग कारण उरलंच नाही म्हणायचं का?
– एक विद्यार्थिनी, होटगी रस्ता

उत्तर : उरतात, पण वेगळी. पहिलं कारण माहितीचं. जवळजवळ चार अब्ज वर्षांच्या उत्क्रांतीतून घडलेले जीव दुसरीकडे तयार मिळणार नाहीत. पण माहिती न्यायला माणसांना ताब्यात कशाला घ्यायचं? एक छोटं यान आणि रेडिओ पुरतो. दुसरं भीतीचं : उद्या आपण डोईजड होऊ, म्हणून आजच आवर घालावा. त्यात नफ्या-तोट्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे वरचा हिशेब इथे लटका पडतो. तरी एक शंका राहते. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपासून ऑक्सिजन आहे आणि तो ग्रहाच्या प्रकाशाच्या वर्णपटात दुरूनही दिसतो. ज्यांना यायचं होतं त्यांना वेळ भरपूर होता.

तिसरं कारण आम्हाला सर्वांत पटतं. माणूस हा मजूर म्हणून महाग, पण चालू कारखान्यासकट कारागीर म्हणून स्वस्त. इथे खाणी आहेत, वीज आहे, इंजिनिअर आहेत. हवं ते यंत्र बांधायचा आराखडा रेडिओने पाठवला आणि बदल्यात एखाद्या रोगावरचं औषध देऊ केलं, की इंधनाचा थेंबही न जाळता वसाहत उभी राहते. दिवाणीसारखंच, खर्च आपला आणि माल त्यांचा. चार वर्षांचा उशीरही चालतो, कारण राखण करणारे आपणच असतो.

असा संदेश आलाच, तर १९८९ साली आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीने मान्य केलेली तत्त्वं आहेत : आधी खातरजमा, मग जाहीर वाच्यता, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर नाही. ती कायद्याने बंधनकारक नाहीत. आणि आराखड्यातलं यंत्र बांधायचं की नाही, याबद्दल त्यांत कलमच नाही.