दोन प्रोग्राम एकमेकांची वाट बघत अडकणार नाहीत, हे तर्कशास्त्राने सिद्ध करता येतं का?

तुमचा कोड लिहून झालाय, पण त्यातले दोन प्रोग्राम कधीकधी एकमेकांची वाट बघत अडकतात, असं तुम्ही लिहिलंय. हा प्रकार मी स्वतः भोगलाय. दोन प्रोग्राम एकमेकांना मेसेज पाठवतात, टेस्ट हजारदा पास होते, आणि एके दिवशी दोघंही गप्प. ना एरर, ना क्रॅश.

तर उत्तर: हो, येतं. टेस्टिंग मात्र इथे तोकडंच पडणार. प्रत्येकी १० पायऱ्यांचे दोन स्वतंत्र प्रोग्राम घेतले, तर त्या पायऱ्या एकमेकांत मिसळण्याचे १,८४,७५६ क्रम होतात. टेस्ट त्यातले मूठभर बघते, तेही बहुधा तेच ते.

मला सगळ्यात पटलेली वाट लिनिअर लॉजिकची. जाँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या या तर्कशास्त्रात गृहीतक एकदा वापरलं की संपतं. नेहमीच्या तर्कात तेच गृहीतक दहादा वापरा, झिजत नाही. चॅनेल, म्हणजे दोन प्रोग्राममधली मेसेजची वाट, मात्र झिजतो! 'एक आकडा पाठव, मग उत्तर घे' असा करार असेल, तर आकडा गेल्यावर हातात फक्त 'उत्तर घे' एवढंच उरतं. असे करार टाइप म्हणून, म्हणजे कोड चालण्याआधीच तपासता येतील अशा रूपात, लिहायची कल्पना कोहेई होंडा यांची, १९९३ ची. या करारांचं लिनिअर लॉजिकशी असलेलं नातं काइरेश आणि फेनिंग यांनी २०१० मध्ये दाखवलं: विधान म्हणजे करार, सिद्धता म्हणजे प्रोग्राम. एका टोकाच्या कराराचा नकार घेतला की दुसऱ्या टोकाचा करार मिळतो. 'पाठव'चं 'घे' होतं, 'पर्याय निवड'चं 'पर्याय दे'.

पण करार जुळले म्हणजे डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं) टळला, असं समजू नका. माझी फसगत इथेच झाली होती. दोन चॅनेल होते. पहिला प्रोग्राम 'क' चॅनेलवर मेसेज येईपर्यंत थांबायचा आणि मग 'ख'वर पाठवायचा. दुसरा 'ख'वर थांबायचा आणि मग 'क'वर पाठवायचा. एकेक चॅनेल तपासला तर दोन्ही निर्दोष, आणि तरी दोघं कायमचे अडकलेले.

लिनिअर लॉजिकमध्ये दोन सिद्धता जोडणारा जो 'कट' नियम आहे, तो त्यांना नेमक्या एकाच विधानावर जोडू देतो. म्हणजे दोन प्रोग्राममध्ये चॅनेल एकच. माझा कोड त्या नियमात बसलाच नसता, कोड चालण्याआधी तो तपासणाऱ्या कंपायलरने दारातच अडवला असता. वाट बघण्याचं वर्तुळ तयारच होत नाही.

याची किंमतही आहे. दोन चॅनेल वापरूनही न अडकणारे प्रोग्राम असतात, तेही नाकारले जातात. दोन क्लायंट एकाच सर्व्हरसाठी झटापट करतात, 'जो आधी पोचेल त्याचं काम आधी', हे तर मूळ मांडणीत बसतच नाही. पुढे त्यासाठी बऱ्याच सुधारणा झाल्या, पण माझ्या मते मूळचा नीटसपणा त्यात थोडा हरवतो.

तुमचा कोड आधीच लिहून झालाय, म्हणून तो नव्या टाइपमध्ये बसवत बसू नका. तुमच्यासाठी टेम्पोरल लॉजिक, म्हणजे 'नेहमी', 'कधी ना कधी' अशी काळाशी जोडलेली विधानं मांडणारं तर्कशास्त्र, बरं. प्रोग्रामच्या बाबतीत ते वापरायचा विचार आमिर पनुएली यांनी १९७७ मध्ये मांडला. 'प्रत्येक विनंतीला कधी ना कधी उत्तर मिळतं' असं विधान लिहायचं, संवादाचं छोटं मॉडेल करायचं आणि स्पिनसारख्या मॉडेल चेकरला द्यायचं. तो मॉडेलमधले सगळे क्रम धुंडाळतो आणि विधान मोडणारा क्रम पायरीपायरीने दाखवतो. आधी दोन प्रोग्राम आणि दोन-तीन मेसेज एवढंच मॉडेल करा. माझं वर्तुळ तेवढ्यातच सापडलं होतं.