एम.एस.डब्ल्यू.च्या स्व-मूल्यमापनात ‘सहभाग’ आणि ‘व्यावसायिकता’ यांविषयी काय लिहावे?

तुम्ही विचारले आहे की, एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाच्या अखेरीस क्षेत्रकार्याचे, म्हणजे वस्तीत किंवा संस्थेत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामाचे, स्व-मूल्यमापन द्यायचे आहे, वर्गात तुम्ही फारशा बोलत नाही, तेव्हा सहभाग आणि व्यावसायिकता या दोन रकान्यांत काय लिहावे आणि स्वतःला दहापैकी किती गुण द्यावेत.

सहभागाचे उत्तर थोडक्यात देते. बोलणे म्हणजे सहभाग नव्हे. जी.सी.मध्ये, म्हणजे मार्गदर्शकांसोबतच्या गटचर्चेत, सर्वांत आधी तोंड उघडणारे आणि अहवाल मात्र आदल्या रात्री एकटाकी लिहून काढणारे विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतात. तुम्ही अहवाल वेळेवर दिलेत का, आय.सी.मध्ये, म्हणजे मार्गदर्शकांसोबतच्या वैयक्तिक चर्चेत, मिळालेली सूचना पुढच्या गृहभेटीत पाळलीत का, इतरांच्या केसेस लक्ष देऊन ऐकल्यात का, हे उदाहरणांसह लिहा आणि न बोलण्याबद्दल माफी मागू नका.

व्यावसायिकतेबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण याच रकान्यावरून माझे आणि माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांचे जे बिनसले, ते पदवी हाती आली तरी मिटले नाही.

माझे क्षेत्रकार्य पुण्यातल्या एका वस्तीत होते. तिथल्या एका विधवा बाईंचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज अडला होता. वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला मिळाला होता, राज्यात १५ वर्षे राहत असल्याचा पुरावाही होता. अडत होते ते नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यापाशी. दाखल्याचा विषय निघाला की त्या ‘शोधते’ एवढेच म्हणत. एके दिवशी त्यांनी चहा केला आणि मी तो घेतला. कप खाली ठेवेपर्यंत सगळे बाहेर आले. दाखला दिराकडे होता, राहत्या खोलीवरून त्याच्याशी वाद होता, आणि कागद मागायला गेले तर तो खोली सोडायला सांगेल, अशी त्यांना धास्ती होती. म्हणजे दाखला हरवलेला नव्हताच. आणि महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून त्याची दुसरी प्रत मिळू शकते, हे त्यांना कुणी सांगितलेलेही नव्हते. प्रतीसाठीचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात केला.

प्रक्रिया-अहवालात घडले ते घडल्या क्रमाने लिहायचे असते, म्हणून मी चहासुद्धा लिहिला. प्राध्यापिकांनी नेमक्या त्याच ओळीला लाल शाईने गोल केला आणि समासात ‘व्यावसायिक अंतर राखले नाही’ असा शेरा मारला. स्व-मूल्यमापनात मी हीच माझी मर्यादा म्हणून मान्य करावी, अशी त्यांची अपेक्षा होती. मी ती मान्य केली नाही आणि स्वतःला आठ गुण दिले. त्यांनी ते पाच केले.

त्यांचा आधार होता अमेरिकन समाजकार्य-अभ्यासक फेलिक्स बीस्टेक यांची व्यक्तिसहाय्य कार्याची तत्त्वे, जी १९५७ पासून आपल्या क्षेत्रातल्या पिढ्यांनी पाठ केली आहेत. पण त्या सात तत्त्वांतले तिसरे तत्त्व नियंत्रित भावनिक गुंतवणुकीचे आहे. त्यात नियंत्रण आहे तशी गुंतवणूकही आहे, आणि चौथे तत्त्व तर समोरच्या माणसाच्या स्वीकाराचेच आहे. शिवाय ज्या महाराष्ट्रात तळ्याचे पाणी पिण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथल्या वस्तीत शिकलेल्या मुलीने चहाला नाही म्हटले, तर त्या घराला तुमची व्यावसायिकता दिसत नाही. ‘आमच्या हातचे चालत नाही’ एवढेच ऐकू येते. हे ज्याला कळत नाही, त्याने वस्तीतल्या क्षेत्रकार्याचे गुण देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि सातवे तत्त्व गोपनीयतेचे आहे. चहावर आक्षेप घेणाऱ्या याच प्राध्यापिकांनी पुढच्या जी.सी.मध्ये त्या बाईंचे नाव घेऊन दिराच्या भांडणाची हकिकत सर्वांसमोर सांगितली. त्याला मात्र समास नव्हता.

म्हणून व्यावसायिकतेच्या रकान्यात वेळेवर पोहोचणे, नीट पोशाख, नम्र वागणूक असली यादी देऊ नका. ती सगळेच देतात. तुम्ही स्वतः घेतलेला एखादा निर्णय लिहा, तो का घेतला आणि त्यामुळे त्या माणसाच्या कामात काय फरक पडला, हे लिहा. त्यात खरी नावे येऊ देऊ नका.

अर्थात, चहा सर्वत्र घ्यावाच असे माझे म्हणणे नाही. रुग्णालयात किंवा निवारागृहात नेमणूक असेल तर तिथल्या संस्थेचे नियम पाळावेच लागतात. पैसे, भेटवस्तू, उसनवारी यांना नाहीच म्हणायचे, आणि घरात मुलांपुरतेच दूध दिसत असेल तर चहा टाळण्याचा मार्ग तुम्हाला सुचायला हवा. माझ्या प्राध्यापिकांविषयीही एवढे म्हटले पाहिजे की, अहवाल कसा लिहायचा हे मला त्यांनीच शिकवले, आणि त्या शिकवण्यात काहीही उणे नव्हते.

गुणांचे म्हणाल तर, ज्या अंकाचे समर्थन तुम्ही आय.सी.मध्ये समोर बसून करू शकाल तोच लिहा. नम्रता दिसावी म्हणून पाच लिहू नका. कमी करायचे असतील तर ते मार्गदर्शकांना करू द्या, आणि केले तर कारण लेखी मागा. मी मागितले होते. ते मला अद्याप मिळालेले नाही.