जुन्या भाताला मोड उशिरा का येतात?

प्रश्न : घरात दोन वर्षांपूर्वीचं घनसाळ भाताचं बियाणं आहे. भिजवलं की मोड येतात, पण नव्या बियाण्यापेक्षा दीड-दोन दिवस उशिरा. तरवा (भाताची रोपं) टाकायला ते चालेल का?
– एक शेतकरी, आजरा (जि. कोल्हापूर)

उत्तर : या उशिरात बराच वाटा डीएनएच्या दुरुस्तीचा असतो. सुक्या दाण्यात पेशींचं काम जवळजवळ बंद असतं, पण डीएनएची मोडतोड चालूच राहते. प्राणवायू, उष्णता आणि ओल यांमुळे कुठे ग्वानीन हे डीएनएमधलं एक घटकद्रव्य बिघडतं, कुठे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एखादा तुटतो. दुरुस्ती करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) पाणी लागतं, त्यामुळे साठवणीत हे नुकसान साचतच जातं. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातलं भात ओल ओढून घेतं, तेव्हा तर जास्तच.

दाणा भिजला की पहिल्या काही तासांतच काम सुरू होतं. बिघडलेलं ग्वानीन कापून निघतं, समोरचा धागा पाहून तिथे नवं बसतं आणि लायगेज नावाचं विकर सांधा जोडतं. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, तर मात्र पाहून भरायला नमुनाच उरत नाही. मग टोकाला टोक जोडलं जातं आणि त्यात एखादा तुकडा गळू शकतो. हे चालू असेपर्यंत एटीएम हे प्रथिन पेशींचं विभाजन रोखून धरतं. ही अडवणूक दाण्याच्या हिताचीच आहे. तुटका डीएनए घेऊन पेशी विभागली, तर रोप खुरटं किंवा बिनमुळाचं निघतं.

म्हणून नुसते मोड मोजू नका. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, गोणपाट सुकू देऊ नका आणि 14 दिवसांनी मूळ व कोंब दोन्ही नीट असलेली रोपं मोजा. ती 80 पेक्षा कमी भरली, तर बियाणं बदललेलं बरं. तरव्यासाठी बियाणं 24 तासच भिजवा, मग पाणी निथळून गोणपाटाखाली दडपा. पाण्यात बुडालेल्या दाण्याला प्राणवायू कमी पडतो, आणि दुरुस्तीला लागणारी ऊर्जा त्यावरच मिळते.

पुढच्या वर्षीचं बियाणं 13 टक्क्यांपेक्षा कमी ओलीवर वाळवून बंद डब्यात ठेवा. ओल एका टक्क्यानं उतरली, की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं.

प्रश्न : सोयाबीनही असंच भिजवून पेरावं का?
– वाचक, हातकणंगले

उत्तर : नको. सोयाबीनची साल पातळ असते. पाणी एकदम आत घुसलं की पेशींची आवरणं फाटतात आणि डीएनए दुरुस्तीची वेळच येत नाही. कोरडं बी चांगल्या ओलीवर पेरा. उगवण मात्र आधी तपासा; इथे 100 पैकी 70 रोपं पुरतात.