गोल्फचे मूलभूत नियम काय आहेत? पहिल्यांदाच खेळायला जाणाऱ्याला किमान काय माहीत असावं?

मित्रांनी खेळायला बोलावलंय आणि नियमांचा गंध नाही, असं तुम्ही लिहिलंय. अख्खं नियमपुस्तक पाठ करायच्या भानगडीत पडू नका. चेंडू जिथे पडला तिथूनच, आणि जसा पडला तसाच मारायचा, हा मूळ नियम. बाकीचे बहुतेक नियम म्हणजे ‘ते जमण्यासारखं नसेल तर काय करायचं?’ याची उत्तरं आहेत.

सुरुवात टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या ठरलेल्या जागेवरून. जमिनीवरच्या दोन खुणांच्या दरम्यान किंवा त्यांच्या मागे दोन क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) लांबीपर्यंत कुठेही चेंडू ठेवा, फक्त खुणांच्या पुढे नको. तिथून तो सव्वाचार इंच व्यासाच्या होलमध्ये घालायचा. प्रत्येक होलला (टीपासून त्या खड्ड्यापर्यंतच्या टप्प्यालाही होलच म्हणतात) पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांचा आकडा, ठरलेला असतो, साधारण ३, ४ किंवा ५. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब चालत नाहीत. मारायच्या इराद्याने क्लब फिरवला आणि चेंडूला लागलाच नाही, तरी तो फटका मोजतात. याउलट मारण्याआधी चुकून धक्का लागून चेंडू टीवरून (ज्यावर तो ठेवतात त्या छोट्या काडीलाही टीच म्हणतात) पडला तर दंड नाही, परत ठेवा.

नवखे सगळ्यात जास्त गडबडतात ते चेंडू हरवल्यावर. शोधायला ३ मिनिटं मिळतात (२०१९ च्या आधी ५ मिळायची). सापडला नाही, किंवा मैदानाची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंट्यांच्या पलीकडे गेला, तर आधीचा फटका जिथून मारला तिथे परत जायचं, शिवाय एका फटक्याचा दंड. म्हणजे टीवरचा पहिला, दंडाचा दुसरा, आणि आता मारणार तो तिसरा. हा हेलपाटा वाचवायचा असेल तर शंका आल्याबरोबर तिथूनच दुसरा चेंडू मारून ठेवा. पण मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल (तात्पुरता चेंडू) मारतोय’ असं स्पष्ट सांगा. गुपचूप मारलात तर तोच तुमचा खेळातला चेंडू ठरतो. मग पहिला फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) मधोमध सापडला तरी काही उपयोग नाही. मागे जायचा त्रास टाळण्यासाठी काही ठिकाणी दोन फटक्यांच्या दंडावर पुढेच ड्रॉप (चेंडू हातातून खाली सोडून तिथून खेळणं) घेऊ देणारा स्थानिक नियम लागू असतो. तो आहे का, हे सुरू करण्याआधीच विचारून घ्या.

पाण्याभोवती लाल किंवा पिवळ्या खुंट्या दिसतील. आतून मारता आला तर खुशाल मारा, दंड नाही. नाहीतर एक फटका सोसून बाहेर ड्रॉप घ्या. लाल खुंट्या असतील तर चेंडू जिथून आत शिरला त्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीत ड्रॉप मिळतो, फक्त होलच्या जवळ सरकायचं नाही. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नव्हे.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) सवयीने एक सराव-स्विंग केला आणि क्लब वाळूला लागला, की दोन फटके गेले. चेंडूमागे क्लब टेकवला तरी तेच. वाळूतली सुकी पानं, काड्या मात्र आता उचलता येतात. निघताना रेकने वाळू सारखी करून ठेवा.

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, जागेवर खूण ठेवून चेंडू उचलता येतो, पुसता येतो. होलमधला झेंडा काढायची सक्ती नाही. तुमचा पट (ग्रीनवरून घरंगळत मारलेला चेंडू) ग्रीनवरच्या दुसऱ्या चेंडूवर आदळला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) तुम्हाला दोन फटक्यांचा दंड, म्हणून वाटेतला चेंडू आधी उचलायला सांगा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: स्पर्धेत ‘कुठला क्लब घेतलास रे?’ असं प्रतिस्पर्ध्याला विचारणंही दंडपात्र आहे. अंतर किती, हे विचारलेलं चालतं. सल्ला हवाच असेल तर तो आपल्या कॅडीकडून (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाकडून) घ्यावा.

बहुतेक सामन्यांत प्रत्येक गटामागे पंच नसतो. दंड आपला आपण सांगायचा आणि कार्डावरचा आकडा तपासून सही करायची. १९६८ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत रोबेर्तो दे विसेंझोने १७ व्या होलवर ३ फटके घेतले होते, सोबत्याने कार्डावर ४ लिहिले आणि याने न बघता सही केली. नियमाप्रमाणे ४ च धरले गेले आणि बॉब गोल्बी एका फटक्याने जिंकला. उलट चूक होऊन ३ च्या जागी २ लिहिले असते, तर तो थेट बादच झाला असता.