जुलैच्या अखेरीस, भर पावसात, केरळमध्ये फक्त एसटी आणि बोटीने फिरणं शक्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की आठवडाभर सुट्टी आहे, पाठीवर सॅक टाकून मुन्नार, वायनाड आणि आलेप्पी करायचं मनात आहे आणि घरचे 'पावसात नको' म्हणताहेत. जा, अगदी नक्की जा. पण मुन्नार आणि वायनाड या खेपेला गाळा. घरच्यांची भीती खोटी नाही. मुन्नारजवळच्या पेट्टीमुडीत ऑगस्ट २०२० मध्ये दरड कोसळली, वायनाडच्या मुंडक्कई-चूरलमलामध्ये ३० जुलै २०२४ च्या पहाटे. दोन्ही ठिकाणी गावंच्या गावं झोपेत असताना घडलं. या दिवसांत त्या डोंगरांत मुक्काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी सखल भागातून फिरा आणि शेवटी एकदाच, दिवसाउजेडी घाट ओलांडा: कोची, वैक्कम, कोट्टायम, आलेप्पी, कोल्लम आणि घाटापलीकडे तमिळनाडूतलं तेन्काशी. पावसाळ्यात पाहावा असा हा मार्ग मला दक्षिणेत दुसरा माहीत नाही.

कोचीहून वैक्कमला बसने या. तिथून पलीकडच्या तवणक्कडवूला जाणारी 'आदित्य' ही सौरऊर्जेवरची फेरीबोट २०१७ पासून चालते. पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. डिझेल इंजिनाची धडधड नसल्यामुळे पाण्यावर पडणारा पाऊस ऐकू येतो. नुसतं जाऊन परत आलात तरी चालेल.

खरा आनंद मात्र कोट्टायम ते आलेप्पी या प्रवासात आहे. केरळच्या राज्य जलवाहतूक खात्याची साधी प्रवासी बोट, अडीच तासांच्या आसपास, तिकीट वडापावच्या दोन प्लेटइतकं. लोक तिचा वापर बससारखाच करतात: शाळेची मुलं, बाजारातून परतणाऱ्या बायका, कुणाच्या तरी हातात गॅसची शेगडी. धक्क्याला लागायचं, सुटायचं, वेग कमी करायचा, हे सगळं घंटेच्या इशाऱ्यावर चालतं. पाऊस आला की बाजूचे ताडपत्रीचे पडदे सोडतात. तुम्ही कडेला बसा आणि आपला पडदा थोडा वर ठेवा. वाटेत लागणाऱ्या कुट्टनाड भागातली शेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध घालून, पंपाने पाणी उपसून तिथे भात पिकवतात. मुख्य पीक उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतं, त्यामुळे जुलैत बरीचशी खाचरं पाण्याखाली असतात आणि कालवा कुठे संपला, शेत कुठे सुरू झालं हे कळत नाही. समुद्राचं खारं पाणी अडवणारा तण्णीरमुक्कमचा बंधारा या दिवसांत उघडा असतो आणि नद्यांचं लाल-तपकिरी पाणी खाली धावत असतं. हिवाळ्यातलं संथ हिरवं आलेप्पी फोटोत सगळ्यांनीच पाहिलंय, हे वेगळं आहे.

एक अडचण लक्षात ठेवा. पाणी फार चढलं की बोट ठेंगण्या पुलांखालून जाऊ शकत नाही आणि फेऱ्या बंद होतात. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन विचारा. बंद असेल तर बस आहेच. हाऊसबोटीवर पैसे घालवू नका. संध्याकाळ झाली की ती बांधूनच ठेवतात.

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रोज बघा. पिवळा असेल तर छत्री घेऊन निघा, नारिंगी असेल तर त्या जिल्ह्यात घाट किंवा धबधबा नको, लाल असेल तर आहात तिथेच खोली आणखी एक दिवस घ्या. म्हणून आठवड्यात दोन दिवस मोकळे ठेवा आणि पुढची बुकिंगं करू नका. जीन्स अजिबात नको, चार दिवस वाळत नाही. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नका. केरळात पावसाळ्यात लेप्टोचे (साचलेल्या घाण पाण्यातून, जखमेवाटे होणाऱ्या तापाचे) रुग्ण वाढतात, म्हणून पायाला जखम असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. समुद्रात उतरायचंच नाही. समुद्रात मासे धरणाऱ्या ट्रॉलर बोटींना ३१ जुलैपर्यंत बंदी असते, तेव्हा ताटात खाडीतला करीमीन मासा मागा.

आलेप्पीहून कोल्लमला बस, आणि तिथून सकाळची तेन्काशीची. पुनलूर, तेनमला, आर्यंकावू. वाटेत डोंगराला लागून रेल्वेचा तेरा कमानींचा जुना पूल दिसतो, डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांवर लक्ष ठेवा. खिंड ओलांडून बस शेंकोट्टईकडे उतरू लागली की तासाभरात आभाळ बदलतं. कोकणातून देशावर आल्यासारखंच, कारण सह्याद्री तोच आहे: ढग पश्चिमेला रिकामे होतात आणि पूर्वेला उरतो वारा, अधूनमधून भुरभुर आणि ऊन. पण डोंगरावर पडलेलं पाणी इकडेही कोसळतं, म्हणून तेन्काशीजवळच्या कुट्रालमच्या धबधब्यांचा हंगाम नेमका जून ते ऑगस्ट. तमिळनाडूभरातून कुटुंबंच्या कुटुंबं तिथे अंगाला तेल चोळून धारेखाली उभी राहतात. पाणी अचानक वाढतं तेव्हा पोलीस सगळ्यांना बाहेर काढतात. ते सांगतील त्या क्षणी निघा. मे २०२४ मध्ये तिथे अचानक आलेल्या लोंढ्यात एका मुलाचा जीव गेला आहे.

परतताना पुन्हा केरळात उतरू नका. तेन्काशीहून मदुराईला बस घ्या, तिथून नागरकोइल-मुंबई एक्स्प्रेस सोलापूर-पुण्यावरून येते. ती रोज नसते, म्हणून वार आधी बघा आणि तेवढं एक तिकीट घरातून निघतानाच काढून ठेवा.