टीसीपी नव्यानं लिहायच्या आधी

कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, टीसीपी (नेटवर डेटा नीट अन् क्रमानं पोचवणारा कोड) सगळाच नव्यानं लिहायचा म्हणतोस, कामून एवढी घाई? आधी टीसीपीचे नियम सांगणारा दस्तऐवज, २०२२ चा आरएफसी ९२९३ वाच. १९८१ च्या ७९३ची जागा त्यानं घेतलीय.

माझंच सांगतो. परभणीत घरच्या वायरवर माझा कोड सुसाट. शेतात, मोबाइलच्या एका काडीवर, पॅकेटं (डेटाचे तुकडे) गळाली आणि कनेक्शन ढिम्म! पहिली पोच आली की मी गळालेलं पॅकेट पुन्हा पाठवायचा टायमर बंद करायचो; मागं राहिलेल्या पॅकेटांसाठी पुन्हा लावतच नव्हतो. दोन रात्री टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल, बघत बसलो तेव्हा सापडलं. तुला शेतात जायची गरज नाही, लिनक्सवर नेटेमनं (खराब नेटवर्कची नक्कल करणाऱ्या टूलनं) पाच टक्के पॅकेटं मुद्दाम पाड.

अन् सिक्वेन्स नंबर, म्हणजे डेटातल्या बाइटचा क्रमांक, ३२ बिटांचा असतो, जास्तीत जास्त चार जीबीनंतर शून्यावर येतो. तिथं साधी लहान-मोठी तुलना फसते. पॅच (कोडमधले बदल) मात्र छोटे पाठव, हजार ओळी कुणी वाचत नाही गड्या.